चित्राच्या आधीची ओळ

फारसी हस्तलिखित माझ्या टेबलावर आलं की पहिल्या दिवशी मी चित्रांची पानं उघडत नाही. दिवा पानाच्या कडेला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवते. उजेड तिरपा पडला की गुळगुळीत कागदावर बारीक, समांतर रेघा वर येतात. त्या शाईनं काढलेल्या नसतात, दाबानं उठलेल्या असतात. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतरानं दोरे ताणून बसवायचे, कोरा कागद त्यावर ठेवून अंगठ्यानं दाबत न्यायचा, की पान आखून होतं. या साधनाला मिस्तर म्हणतात. ओळी किती, रकाने किती, समास किती हे दोरे ठरवतात. नंतर त्या पानावर जे काही येतं, अक्षरं, सोनं, चौकट, घोडे, महाल, आकाश, ते सगळं या दोऱ्यांच्या हिशेबात बसतं. चित्र आहे तिथं रंगाखालीही या रेघा पुष्कळदा सापडतात.

मी कागद-संवर्धक आहे. मुंबईतल्या एका जुन्या संग्रहाच्या प्रयोगशाळेत काम करते. या शहरात फारसी हस्तलिखितं आली ती अनेक वाटांनी. पारशी विद्वान मुल्ला फिरोज लहानपणी वडिलांबरोबर इराणला गेले, तिथं शिकले आणि ग्रंथ जमवून परतले. त्यांचा संग्रह आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. काही हस्तलिखितं व्यापाऱ्यांच्या सामानातून आली, काही दख्खनच्या आणि उत्तरेच्या दरबारांतून विकली जात जात इथं पोचली. आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘चित्रं कुठं आहेत?’ त्यात वावगं काही नाही. बदख्शानच्या लाजवर्दाचा निळा एकदा पाहिला की डोळा दुसरीकडं वळत नाही. पण इतकी वर्षं या पानांवर वाकून बसल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. फारसी ग्रंथ रचतो तो कातिब, म्हणजे लिहिणारा. चित्रकार येतो तो कातिबानं राखून ठेवलेल्या जागेत, आणि कातिबानं गाठून दिलेल्या क्षणी. लेखन बाजूला काढून चित्र पाहणं म्हणजे अर्धंच पाहणं, हे मला कामानं शिकवलं.

मी शिकले रसायनशास्त्र, मग कागदाचं जतन. फारसी येत नव्हती. सुरुवातीला त्यानं फारसं अडलं नाही, कारण कीड, बुरशी आणि आम्लता सगळ्या भाषांतल्या कागदाला सारखीच लागते. अडलं ते पानं सुटी झालेली हस्तलिखितं हातात आल्यावर. क्रम लावायचा तर अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि अक्षर होतं नस्तालीक. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणात घडलेली ही लिपी सरळ ओळीत बसत नाही. प्रत्येक शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडं खाली उतरतो. ठिपके कधी आपल्या अक्षरापासून दूर गेलेले असतात. छापील फारसी वाचणाराही इथं चाचपडतो. परंपरा या लिपीचं श्रेय मीर अली तब्रीझी यांना देते.

मला शिकवायला एक वयस्क इराणी उस्ताद मिळाले. म्हणाले, “खानम, वाचायला शिकायचं असेल तर लिहायला बसा. वाचन मागून येईल.” पहिल्या दिवशी त्यांनी बोरू माझ्या हातात दिलाच नाही. मीर इमाद हसनी यांच्या एका कित्त्याची छापील प्रत समोर ठेवली आणि सांगितलं, “आधी बघा.” मीर इमाद हे नस्तालीकच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. शाह अब्बासच्या काळात, १६१५ मध्ये इस्फहानला त्यांचा खून झाला. त्यांच्या चार तिरप्या ओळींच्या चलीपाकडं मी बघत बसले. उस्ताद मधूनच विचारत, “या अक्षराचं पोट कुठं सर्वांत जाड आहे? इथून पुढं बोरू कोणत्या कोपऱ्यावर चालला?” ही निव्वळ त्यांची लहर असेल असं मला वाटलं होतं. पुढं कळलं की सोळाव्या शतकातल्या बाबा शाह इस्फहानी यांच्या ‘आदाब-उल-मश्क’ या ग्रंथात सरावाचे तीन प्रकारच सांगितले आहेत: नजरेचा, कलमेचा आणि कल्पनेचा. नजरेनं गिरवल्याशिवाय हातानं गिरवू नये, ही शिस्त त्या घराण्यात शतकानुशतकं चालत आली आहे.

मग बोरू आला. खुझिस्तानातल्या दिझफूलचा, तांबूस तपकिरी, दगडासारखा टणक. तो तासायचा, टोकाला मधोमध चीर द्यायची आणि शेवटी हाडाच्या पट्टीवर ठेवून एकाच दाबानं टोक तिरपं छाटायचं. छाटल्याच्या आवाजावरून उस्तादांना कळे की टोक साफ उतरलं की फाटलं. दौतीत रेशमाचा बोळा असायचा, म्हणजे बोरूवर शाई मापात चढते. प्रत्येक अक्षराचं माप ठिपक्यांत. बोरूच्या पूर्ण टोकाचा एक चौकोनी ठिपका हे एकक, आणि अलिफ असा तीन ठिपक्यांचा. सुटी अक्षरं आधी, जोडअक्षरं नंतर, ओळ त्याहून कितीतरी नंतर.

कागदाचीही तयारी मी त्याच काळात शिकले. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद आणायचा, त्याला स्टार्चची खळ द्यायची, वाळला की अकीकाच्या गोट्यानं घोटायचा. कागजीपुऱ्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळाशी जोडली जाते, आणि लेखनकलेवरच्या जुन्या फारसी ग्रंथांत चांगल्या कागदांच्या यादीत दौलताबादी कागदाचं नाव सापडतं, हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. घोटलेल्या कागदावर शाई आत मुरत नाही, वर राहते. काजळी आणि डिंकाची ती शाई ओल्या बोटानं पुसली की निघून येते. कातिबाला याचा फायदा, चूक पुसून पुन्हा लिहिता येतं. आम्हा जतन करणाऱ्यांसाठी मात्र ही कायमची ताकीद आहे. युरोपीय छापील पानं आम्ही पाण्याच्या तसराळ्यात धुतो. फारसी पानाला पाण्याचा थेंब लागला तर अक्षर जातं आणि रंगही जातो, कारण रंगही डिंकातच कालवलेले असतात.

लिहायला शिकल्यावर वाचन आलंच, पण त्याहून मोठी गोष्ट घडली. पानावरचा हात दिसू लागला. कातिबानं बोरू कुठं बुडवला, शाई कुठं सरत आली, कुठं बोरू नव्यानं छाटला आणि अक्षर एकदम धारदार झालं, कुठं ओळ भरत नाही म्हणून एखादं अक्षर लांबवर ताणलं. त्या ताणाला कशीदा म्हणतात, आणि तो कुठं घ्यायचा यात कातिबाची सगळी समज दिसते.

आता त्या हस्तलिखिताकडं येते ज्याच्यामुळं हे सगळं लिहायला घेतलं. ती शाहनाम्याची प्रत आहे. फिरदौसीनं १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे महाकाव्य इराणात शतकानुशतकं लिहिलं आणि रंगवलं गेलं. आमची प्रत शिराजची, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. शेवटचं पान, जिथं कातिब आपलं नाव आणि साल लिहितो, ते गेलेलं आहे. शिराज हे राजधानीचं गाव नव्हतं. तब्रीझला आणि पुढं कझवीनला शाही कारखाने होते, शिराजला बाजारासाठी ग्रंथ बनत. बुदाक कझवीनी नावाच्या इतिहासकारानं १५७६ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे की शिराजच्या घराघरांत बायको लेखन करते, नवरा चित्रं काढतो, मुलगी सोन्याची नक्षी करते आणि मुलगा बांधणी. हजार ग्रंथ हवे असतील तर वर्षात मिळतील, पण सगळे एकाच साच्याचे, असंही तो म्हणतो.

या शेवटच्या शेऱ्याशी मी सहमत नाही. साचा होता हे खरं, पण साच्याच्या आत विचार होता. आणि बुदाकच्या त्या नोंदीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे लिहिणारी बाई. आमच्या प्रतीवर नाव नाही, त्यामुळं ती कुणी लिहिली हे कधीच कळणार नाही. पण कातिब म्हटलं की दाढीवाला पुरुषच डोळ्यांसमोर आणायची सवय त्या वाक्यानं माझी मोडली. एका घरात एकीनं लिहिलेलं पान दुसऱ्यानं रंगवलं, तिसरीनं सजवलं. पान हातातून हातात जाताना काय बोलणं होत असेल? ‘इथं जागा जास्त सोडलीस’, ‘मग डोंगर वर चढव की’. फारसी चित्रांत डोंगरांचे सुळके, झेंडे आणि झाडांचे शेंडे चौकट ओलांडून समासात जातात. ते पाहताना मला हे संवाद ऐकू येतात.

विचार कुठं दिसतो ते सांगते. पानावर चार रकाने. बैत म्हणजे दोन चरणांची द्विपदी, तेव्हा एका ओळीत दोन बैतं. पन्नासेक बैतांनी पानाची एक बाजू भरते. समजा सियावुशची कथा चालू आहे. सावत्र आईनं केलेल्या आरोपातून निर्दोष ठरण्यासाठी त्याला आगीच्या डोंगरांमधून घोडा घालायचा आहे. चित्र आगीत शिरण्याच्या क्षणाचं हवं. तर ज्या बैतात घोडा ज्वाळांत शिरतो ते बैत चित्राला अगदी लागून, चित्र सुरू होण्याआधीच्या ओळीत यायला हवं. वाचणाऱ्याचा डोळा ती ओळ संपवून खाली उतरला की समोर आग. पण बैतं कातिबाच्या सोयीनं मोजून आलेली नसतात. चित्राचं पान जवळ येत चाललं आणि ओळी जास्त उरल्या असतील तर दाटीनं लिहावं लागतं. कमी उरल्या असतील तर कातिब आधीच्या पानांवर बैतं तिरपी लिहू लागतो. तिरप्या बैतांना जागा जास्त लागते, मधल्या त्रिकोणी फटी नक्षीनं भरल्या जातात आणि मजकूर ताणला जातो. पूर्वी मला अशी तिरपी पानं निव्वळ सजावट वाटायची. आता तिरपं पान दिसलं की मी सावध होते: पुढं चित्र येतंय. वाचणाऱ्यालाही हे कळत असणार. कथा रंगत आली आहे, याची चाहूल पानाची चाल बदलून दिली जाते. शाहनाम्याच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी या चित्राच्या आधीच्या ओळीवर बरंच लिहिलं आहे. मी ते पुस्तकातून नंतर वाचलं, पानांवर आधी पाहिलं.

ही प्रत आमच्याकडं आली तेव्हा तिचं सर्वांत मोठं दुखणं होतं हिरवं. लेखनाच्या भोवती जी रेघांची चौकट असते, जदवल, तिच्यात सोनेरी, निळ्या, लाल रेघांबरोबर एक हिरवी रेघ असते. तो हिरवा म्हणजे जंगाल, तांब्यावर आम्लाची वाफ देऊन खरवडलेला गंज. तांबं कागदातल्या सेल्युलोजची मोडतोड घडवतं, आणि दमट हवा त्याला मदत करते. चारेकशे वर्षांत ती हिरवी रेघ तपकिरी होते, मागच्या बाजूनं दिसू लागते, मग ठिसूळ होते आणि एक दिवस पान उलटताना चिरते. चौकटीच्या चारही बाजू चिरल्या की लेखनाचा आयत खिडकीतून निखळावा तसा समासातून सुटतो. आमच्या प्रतीत असे कितीतरी आयत सुटले होते, आणि पूर्वीच्या कुणीतरी ते जाड कागदाच्या पट्ट्या आणि भरपूर डिंक लावून चिकटवले होते. त्या पट्ट्या आखडल्या होत्या आणि शेजारचा चांगला कागदही त्यांनी ओढून फाडला होता.

या कामात घाई चालत नाही. जुन्या पट्ट्या काढायला ओलावा लागतो, आणि ओलाव्यानं तांबं आणखी पसरतं. शेवटी घट्ट जेल लहान तुकड्यांत ठेवून, मिनिटं मोजत, फक्त डिंक सैल होईल इतकीच ओल द्यायची आणि पट्टी बोथट पात्यानं उचलायची. चिरा जोडायला सर्वांत पातळ जपानी टिश्यू. तिच्यावर अल्कोहोलमध्ये विरघळणारा सेल्युलोजचा चिकटा आधीच लावून वाळवून ठेवायचा, चिरेवर ठेवून अल्कोहोलच्या एका पुसटशा हातानं तो जागा करायचा. पाणी नाहीच. टिश्यूचे धागे चिरेवर आडवे टाकलेले नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि उद्या कुणाला काढावेसे वाटले तर काढता येतील. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता स्थिर ठेवायला यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात, आणि वीज गेली की आम्ही सगळे धावतो.

एक गोष्ट मात्र त्या काळात मला विलक्षण वाटली. चौकटीतला हिरवा जळला होता, चित्रांतला हिरवा बहुतेक ठिकाणी शाबूत होता. जुन्या फारसी कृतींमध्ये जंगालात थोडं केशर मिसळायला सांगितलं आहे. इराणी संवर्धक मंदाना बरकेश्ली यांनी या केशराचा अभ्यास करून दाखवलं की ते तांब्याची आम्लता आवरतं आणि कागद वाचवतं. रंगाला पिवळसर, गवताळ छटा येते ती वेगळीच. आमच्या प्रतीतल्या रंगांचे नमुने काढून तपासण्याची परवानगी नव्हती, त्यामुळं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझा अंदाज असा की चित्रकार आपला हिरवा केशर घालून तयार करत होता, आणि जदवल आखणारा आपली रेघ साध्या जंगालानं, भराभर, पानामागून पान ओढत होता.

चांदीची कथा दुःखाची आहे. फारसी चित्रांत ओढे, तळी, समुद्र चांदीनं रंगवत. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, आणि म्हणून आज त्या बागांमधून काळे पाट वाहताना दिसतात. त्यावर आम्ही काहीच करत नाही. ती चकाकी परत आणायला गेलं तर रंगाचा थरच हातात येईल.

चांदीवरून एक जुना कागद आठवतो. हेरातमध्ये तैमूरच्या नातवाचा, बायसंगुर मिर्झाचा, ग्रंथांचा कारखाना होता. तिथले प्रमुख कातिब जाफर तब्रीझी यांनी त्याला पाठवलेला कामाचा अहवाल इस्तंबूलच्या तोपकापी महालातल्या एका संग्रहात टिकून राहिला आहे. कोण कशात गुंतला आहे, किती झालं, किती उरलं, अशी ही सरळ यादी आहे. एकानं ‘गुलिस्तान’मधल्या समुद्राच्या दोन चित्रांवर चांदी चढवून संपवली आहे. एक जण बांधणीकार, नक्षीकार, तंबू शिवणारे आणि कौलं घडवणारे अशा सगळ्यांसाठी आकृत्या काढून देतो आहे. शाहनाम्याच्या सुरुवातीची नक्षी करणाऱ्याचे डोळे काही दिवस दुखत होते. याच जाफरनं लिहिलेला शाहनामा, १४३० चा, बावीस चित्रांचा, आज तेहरानच्या गुलिस्तान महालात आहे. मला त्या भव्य ग्रंथाइतकाच हा अहवाल प्रिय आहे. आम्हीही दर महिन्याला असाच कागद भरतो: पान अमुक, चीर जोडली, तमुक बाकी. डोळे आमचेही दुखतात. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दुखऱ्या डोळ्यांची नोंद त्याच्या वरिष्ठानं राजपुत्राकडं जाणाऱ्या कागदात केली, याबद्दल मला जाफरविषयी मनापासून आदर वाटतो.

आमच्या प्रतीतली पानं क्रमानं लावायचं काम चिरा जोडण्याइतकंच मोठं निघालं. केव्हातरी बांधणी सुटली होती आणि फारसी न येणाऱ्या कुणीतरी पानं जमतील तशी शिवून टाकली होती. महाकाव्याचा नायक रुस्तुम मेल्यावर पुन्हा लहान झाला होता. इथं कातिबाचा एक नेम मदतीला येतो. पानाच्या मागच्या बाजूला, तळाशी डाव्या कोपऱ्यात, तिरक्या लहान अक्षरांत तो पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतो. जुळव शब्दाला शब्द, की क्रम लागतो. कीटकांनीही मदत केली. कसर एका पानातून शेजारच्या पानात सरळ बोगदा करत जाते, त्यामुळं भोकं जुळली की पानं शेजारी होती हे सिद्ध होतं.

क्रम लागला आणि मग तुटलेल्या जागा उघड्या पडल्या. एका पानाच्या तळाशी पुढचा शब्द आहे, आणि त्या शब्दानं सुरू होणारं पान नाही. एका पानात, दोन्ही बाजू धरून, शंभराच्या आसपास बैतं मावतात. शाहनाम्याच्या छापील संहितेशी ताडून पाहिलं तर हरवलेल्या जागी शंभर नव्हे, साठ-पासष्ट बैतंच गळली होती. उरलेली जागा कशानं भरली होती, हे सांगायला नको. प्रत्येक हरवलेल्या पानाच्या आधी तिरपी बैतं होती.

आणि समोरच्या पानावर डाग होता. बंद ग्रंथात शतकानुशतकं दोन पानं एकमेकांना चिकटून असतात. जंगालाचं तांबं समोरच्या कागदातही उतरतं. आमच्याकडं उरलेल्या पानावर, लेखनाच्या ओळींमधून, फिकट तपकिरी रंगात उलट्या बाजूनं उमटलेलं एक झाड होतं, त्याच्या पायाशी टेकडीची कड, आणि चौकटीबाहेर समासात गेलेली एक फांदी. अतिनील दिव्याखाली ते आणखी स्पष्ट झालं. कथा होती बिझनची, तूरानी राजानं त्याला खोल विहिरीत टाकून तोंडावर शिळा ठेवली त्या भागाची. रुस्तुम ती शिळा उचलतो, या क्षणाची चित्रं अनेक शाहनाम्यांत आढळतात. चित्र गेलं होतं, पण ते कोणत्या ओळीपाशी होतं, किती उंच होतं आणि झाड कोणत्या अंगाला होतं, हे लेखनानं आणि डागानं मिळून सांगितलं.

ही पानं आपोआप गळत नाहीत. कणा तपासला की पात्याची सरळ धार दिसते. शाहनाम्यांच्या नशिबी हे फार आलं. चौदाव्या शतकात तब्रीझला बनलेला मोठा शाहनामा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या जॉर्ज दमोत या व्यापाऱ्याच्या हाती पडला. अखंड ग्रंथाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यानं तो उसवला. एकाच पानाच्या दोन्ही अंगांना चित्रं असतील तर कागदाचे दोन पापुद्रे वेगळे करवले, म्हणजे दोन चित्रं विकता येतील. शाह तहमास्पचा शाहनामा त्याहून थोर: ७५९ पानं, २५८ चित्रं, सुलतान मुहम्मदसारख्या चित्रकारांचा हात. १५६८ मध्ये तो उस्मानी सुलतान दुसरा सलीम याला नजर झाला आणि पुढची तीनशेहून जास्त वर्षं अखंड राहिला. १९५९ मध्ये अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन यांनी तो विकत घेतला आणि पानं सुटी करून विकायला सुरुवात केली. १९७० मध्ये ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली, आणखी काही लिलावांतून जगभर. १९९४ मध्ये उरलेली ११८ चित्रं, लेखनाची पानं आणि बांधणी इराणला परत मिळाली, ती विलेम डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात. त्या लेखनाच्या पानांना बाजारात भाव नव्हता. माझ्या लेखी त्या पानांखेरीज ती चित्रं मुकी आहेत. कोणती बैतं वाचून डोळा चित्रावर उतरायचा, ते तेहरानला आहे, आणि चित्र दुसऱ्याच कुठल्या शहरातल्या भिंतीवर.

म्हणून आमच्याकडं जेव्हा प्रदर्शनाचा विषय निघाला आणि चित्रांची पानं सुटी ठेवून चौकटींत लावावीत अशी सूचना आली, तेव्हा मी विरोध केला. दुरुस्तीसाठी पानं सुटी झालीच होती, त्यामुळं सूचना सोपी वाटत होती. बरीच चर्चा झाली. मी अधिकाऱ्यांना टेबलापाशी बोलावलं आणि सियावुशच्या आधीचं पान त्यांच्यासमोर वाचलं, फारसीत आणि मग मराठीत, बोट ओळीवर ठेवून. तिरपी बैतं, मग सरळ ओळ, मग पान उलटून आग. आमच्या खात्यातले एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि ज्यांची उभी हयात बांधणीत गेली, ते म्हणाले, “हे पुस्तक आहे, पुस्तकच राहू द्या. मी शिवतो.” तसंच ठरलं. जुनी जुजबंदी, म्हणजे जुड्यांची शिवण, होती तशीच, रेशमी दोऱ्यानं, सपाट कण्याची. प्रदर्शनात एक पान उघडं राहील आणि ठरावीक काळानं उलटलं जाईल.

शिवताना हरवलेल्या पानांच्या जागी काकांनी कागदाच्या अरुंद पट्ट्या घातल्या, जेणेकरून एखादं पान कधी परत आलंच तर बांधणी न उसवता बसवता येईल. बिझनच्या पानाची पट्टी त्यांतलीच. त्या झाडाचा डाग मी पारदर्शक कागदावर उतरवून, उलटा करून, वेगवेगळ्या संग्रहांनी प्रसिद्ध केलेल्या सुट्या पानांशी ताडत राहिले. परदेशातल्या एका संग्रहात तसं झाड सापडलं. फांदी चौकटीबाहेर त्याच ठिकाणी, रकान्यांची मापं मिलिमीटरला मिलिमीटर तीच, आणि चित्राच्या आधीच्या ओळीच्या वर तीन कसरीची भोकं, आमच्या पानाला जुळणारी. त्यांच्याकडं फक्त चित्राच्या बाजूचा फोटो होता. मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटवलेली, कुणी कधी पाहिलेली नाही. तिथल्या संवर्धक बाईंना मी आमच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवून विनंती केली. त्यांनी पुठ्ठा मागून पातळ करून पानामागं दिवा लावला आणि आरपार उजेडातला फोटो पाठवला. अक्षरं उलटी, अंधुक, चित्रातल्या विहिरीच्या आणि घोड्याच्या अंगावरून गेलेली, पण वाचता येतात. तळाच्या कोपऱ्यात तिरका शब्द आहे, आणि आमचं पुढचं पान त्याच शब्दानं सुरू होतं.

पान परत मिळणार नाही, निदान एवढ्यात नाही. दोन्ही संस्थांनी एकमेकींच्या नोंदींत त्याची जागा लिहून घेतली आहे, आणि त्यांच्या प्रदर्शनात त्या चित्राशेजारी आता आमच्या पानाचा फोटो लागणार आहे, आधीच्या बैतांसह. बाकीच्या पट्ट्यांच्या जागी किती बैतं गळली आहेत ते मोजून झालं आहे. कोणती कथा, कोणती ओळ, चित्राची अंदाजे उंची, डागात जे काही दिसतं ते, अशी यादी मी तयार केली आहे, आणि जिथं जिथं शिराजची सुटी पानं आहेत तिथं ती पाठवते आहे. सोबत एकच विनंती: पानाची मागची बाजू पाहा.